आवर्तन सुटलंय, छत्री बघून या

भंडारदऱ्याला लोक पावसाळ्यात जातात, नाहीतर मे अखेरीस काजव्यांसाठी. मी आईला नेलं भर जानेवारीत, तेही पाटाला पाणी आलं म्हणून.

आमची जमीन श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा डाव्या कालव्यावर. (जिल्हा कागदावर आता अहिल्यानगर, आमच्या तोंडात अजून नगरच.) आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक काळाने शेतीला सोडलेलं पाणी, सुटलं की घरात एकच विषय: आपली पाळी कधी, दिवसा की रात्री. आईने चाळीस वर्षं रात्रीची दारं धरली, म्हणजे वाफ्यावाफ्याला पाणी वळवलं, डोक्यावर पोत्याची खोळ आणि हातात बॅटरी घेऊन. ते पाणी निघतं कुठून, हे मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या लेखी पाणी पाटकऱ्याच्या मर्जीतून यायचं.

निघायच्या आधी भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावातल्या ओळखीच्या हॉटेलवाल्याला फोन लावला. ‘छत्री चालू आहे, या,’ म्हणाला. हा फोन महत्त्वाचा. धरणाच्या भिंतीतून सोडलेलं पाणी खाली एका गोल खडकावर पडतं आणि छत्रीसारखं चौफेर सांडतं, तोच अंब्रेला फॉल. पण पाणी त्या वाटेने सोडलं तरच. वीजघरातून सोडलं की खडक कोरडा. एकदा आम्ही पोराबाळांसह जाऊन तो कोरडा खडक बघून आलोय.

संगमनेर, अकोले, राजूर. राजूरला पेढे घेतले, रस्त्याकडेला हरभऱ्याचे डहाळे घेतले. आई घाटे सोलत खिडकीतून दुसऱ्यांच्या गव्हाला नावं ठेवत होती. ‘पातळ पेरलाय.’

धरणाच्या पायथ्याच्या बागेचं कौतुक कोणी फारसं करत नाही. सगळे कळसूबाईचं सांगतात, 1646 मीटर, राज्यातलं सर्वात उंच शिखर वगैरे. आईचे गुडघे बघता कळसूबाई तिने लांबूनच हात जोडायची. तिच्यासाठी ही बागच बरी. बागेची दशा मात्र बघवत नाही. एका झोक्याला साखळ्या आहेत, फळी नाही. झाडांच्या बुंध्याशी कुरकुऱ्यांची पाकिटं. पण सावली दाट, आणि पाण्याचा आवाज एवढा की मागचा ग्रुप स्पीकर लावून बसला होता तरी त्रास झाला नाही.

आई पुलापाशी उभी राहिली. तुषार अंगावर येत होते, चष्मा धुरकटला, तिने तो काढून पदराला पुसला आणि परत घातलाच नाही. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘हे समदं आपल्याकडं येतं?’

मी सांगायला लागलो. हे धरण 1910 ला बांधायला घेतलं, 1926 ला पुरं झालं. आत मावतं 11,039 दशलक्ष घनफूट. इथून रंधा, मग निळवंडे, मग ओझरचा बंधारा, आणि तिथून आपला पाट.

‘मंग आपल्यापर्यंत येईस्तवर करंगळीएवढं कसं होतं?’

टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पेढा पुढे केला.

बाहेर चहाच्या टपरीवर तिने हाच विषय काढला. टपरीवाली वरच्या वाडीतली. ‘आजी, तुमच्याकडं करंगळीएवढं तरी येतं,’ ती म्हणाली. ‘आमच्या वाडीला उन्हाळ्यात हंडा घेऊन उतरावं लागतं. धरण उशाला, कोरड घशाला.’ आई गप्प झाली. उरलेले डहाळे तिने टपरीवालीच्या पोराच्या हातात दिले आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

रतनवाडीच्या अमृतेश्वराला जायचं होतं, पण ऊन कलायला लागलं आणि तिला घरची ओढ लागली. म्हशीचं नाव पुढे केलं. म्हशीची धार पुतण्या काढणार होता, हे तिलाही माहीत होतं.

मंगळवारी आमची पाळी लागली, रात्री दोनला. मी वाफ्यात उभा, पाय बधिर. पाणी उसाच्या सरीतून सरसरत पुढे चाललेलं. फोन वाजला. आता दारं धरायला येत नाही ती, पण पाळीच्या रात्री झोपतही नाही.

‘आलं का रे छत्रीचं पाणी?’

‘आलं.’

‘केवढं?’