बोगमाळोच्या विमान संग्रहालयातली सकाळ

आज वडील आणि भाचा यांच्यासह गोव्यातल्या बोगमाळोचे नौदल विमान संग्रहालय पुन्हा पाहिले. विमानांपेक्षा ती पाहणाऱ्यांकडेच माझे लक्ष अधिक गेले, हे कबूल करायला हवे. १९९८ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाच्या अंगणात चार इंजिनांचे, तीन उभ्या शेपट्यांचे अजस्र सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे आणि बहुतेक मंडळी त्याच्यासमोर छायाचित्र काढून पुढे सरकतात.

भाचा मात्र सी हॉक या जुन्या लढाऊ विमानाच्या शेपटीखाली उकिडवा बसला आणि तिथला लोखंडी आकडा दाखवून विचारू लागला, "मामा, हे कशाला?" विमानवाहू जहाजाच्या आखूड धावपट्टीवर आडव्या ताणलेल्या तारेत हा आकडा अडकतो आणि वेगात उतरणारे विमान थोड्याच अंतरात थांबते, हे सांगितल्यावर त्याने तो आकडा आणखी तीनदा निरखून पाहिला. चार फिरत्या नळ्यांच्या जोरावर सरळ उभे उतरणाऱ्या सी हॅरिअरला त्या तारेची गरजच नव्हती, हे ऐकून त्याचा थोडा विरसच झाला.

वडील मात्र अलिझे या पाणबुडीविरोधी विमानापाशी बराच वेळ गप्प उभे होते. १९७१ च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी झालेल्या युद्धात, याच जातीच्या विमानांनी आणि सी हॉकनी 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावरून झेपावून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील चितगाव व कॉक्स बाजारवर हल्ले केले होते. "तेव्हा आम्ही खिडक्यांना काळे कागद लावून रेडिओपाशी बसायचो," एवढेच ते म्हणाले. शेजारचे एक अनोळखी आजोबा लगेच उत्तरले, "आम्हीही!" मग मला आणि भाच्याला तासभर थांबावे लागले.