महिना बघून जन्माला यावं

दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय उगाचच वाचलं जातं. दुधाचे खाडे, गॅस कधी लावला ती तारीख, आणि त्यांच्यामध्ये पेन्सिलीने गोल केलेला एक चौकोन: धाकट्याचा वाढदिवस. नीट पाहिलं तर त्याच चौकोनात एकादशी छापलेली असते. म्हणजे शागोती, आपला खोबऱ्याच्या वाटणातला मटण-कोंबडीचा रस्सा, गेली. वडे गेले. आता त्याला हे सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न उरतो.

गोव्यात मुलाने महिना बघून जन्माला यावं, असं माझं ठाम मत आहे. वारही बघावा, पण तो दरवर्षी बदलतो. महिना मात्र जन्मभर पुरतो.

मुळात वाढदिवस कधी, इथूनच घोळ. शाळेच्या दाखल्यावर तारीख, आजीच्या डोक्यात तिथी. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे तिथी दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. त्या वर्षी ज्येष्ठात जन्मलेल्या पोरांची तिथी निज, म्हणजे अधिकानंतरच्या नेहमीच्या, महिन्यात धरायची, म्हणजे जूनच्या मध्यानंतर. गेल्या वर्षीच्या अंदाजाने आधीच नारळ किसून बसणारे फसतात. तारीख आणि तिथी पुन्हा एकाच दिवशी भेटतात ती एकोणिसाव्या वर्षी, आणि तेव्हाही कधीकधी एका दिवसाने चुकामूक होते. तोवर मूल हॉस्टेलवर गेलेलं असतं.

यावर बहुतेक घरांनी कुणी न शिकवता तोडगा काढला आहे: तिथीला ओवाळणी आणि मणगणं (चणाडाळीची गोड खीर), तारखेला केक आणि पोरांचा गोंधळ. कधी दोन्ही दिवस जवळजवळ येतात आणि एकाच संध्याकाळी उरकून टाकायचा मोह होतो. उरकू नये. मुलाला साडेसहाला भूक लागते, पाहुणे साडेसातला येतात, ओवाळणाऱ्या बायका तळणीपाशी अडकलेल्या असतात, आणि निरांजन लावेपर्यंत उत्सवमूर्ती भिंतीला टेकून रडत असते. ओवाळणी सकाळचीच. तेलाचं न्हाणं झालेलं, पोटात अजून काही नाही, आणि नवे कपडे टोचायला लागायच्या आत.

ओवाळणीत चुकण्यासारखं काय असतं, असं वाटेल. जुन्या घरांतल्या लाल सिमेंटच्या जमिनीवर पाट पक्का बसतो. नव्या गुळगुळीत फरशीवर तो घसरतो, त्यातून खाली रांगोळी असली तर विचारूच नका. पाटाखाली ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं घालावं आणि रांगोळी पाटाच्या भोवतीने काढावी. तबकात मूठभर तांदूळ पसरून त्यावर निरांजनं ठेवली की ती सरकत नाहीत आणि तबकाचा तळही तापत नाही. पंखा बंद. हे वाक्य प्रत्येक घरात ओवाळताना कुणीतरी ओरडून म्हणतंच, आणि तेही वात विझल्यावर. तीन वर्षांखालचं मूल ज्योत पकडायला हात घालतं, म्हणून आईने मागे बसून दोन्ही हात धरावेत. सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळून झाली की अंगठी लगेच बोटात घालावी. तबकात राहिली की ती अक्षतांबरोबर तुळशीत जाते आणि मग सगळं घर वृंदावन चाळत बसतं.

आषाढ-श्रावणातल्या मुलांच्या ओवाळणीला वेगळीच अडचण. गोव्यातल्या पावसात कापूससुद्धा ओला होतो. फुलवात दमट असली की तडतडते, धूर काढते आणि दुसऱ्या फेरीला मान टाकते. वाती मे महिन्यातच वळून, उन्हात खडखडीत वाळवून, पातळ केलेल्या तुपात बुडवून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायच्या. चार महिने बघावं लागत नाही. काडेपेटीची जागा शेगडीजवळ. देवघरातली काडी जुलैत पेटत नाही.

आता मणगणं. याच्याबद्दल मी जरा सविस्तर बोलणार, कारण वाढदिवस त्याच्यावर उभा आहे आणि हल्ली ते बिघडलेलंच जास्त मिळतं.

आठदहा माणसांना एक वाटी चणाडाळ, पाव वाटी साबुदाणा, सव्वा वाटी चिरलेला गूळ आणि एक मोठा नारळ. डाळ तासभर भिजवायची, साबुदाणा वीसेक मिनिटं. नारळ किसून, अर्धी वाटी कोमट पाणी घालून वाटायचा आणि पिळून दाट रस वेगळा ठेवायचा. तोच चोथा दोन वाट्या पाण्यात पुन्हा वाटला की पातळ रस. डाळ उघड्या पातेल्यात शिजवावी. कुकरची एक शिटी जास्त झाली की पिठलं होतं, आणि पिठल्यात गूळ घातला म्हणून ते मणगणं होत नाही. दाणा बोटांत दाबला की मोडावा, पण पातेल्यात अख्खा दिसावा. काजूचे तुकडे डाळीबरोबरच शिजायला घालायचे. वरून तळून टाकलेले काजू दिसतात छान, लागतात परके.

डाळ शिजली की पातळ रस आणि साबुदाणा. साबुदाणा काचेसारखा झाला की मगच गूळ. इथे घाई करणाऱ्यांचं सगळं फुकट जातं. गूळ आधी पडला की डाळ आहे तिथेच थांबते. मग तासभर उकळा, दाताखाली कचकच येणारच. गूळ विरघळून पाचेक मिनिटं उकळलं की आच अगदी मंद करून दाट रस घालायचा, कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद. खळखळ उकळी आली तर रस फुटतो, वर तेल तरंगतं आणि खाली चोथ्यासारखे कण राहतात. वेलची, चिमूटभर मीठ. माडाचा गूळ घेतला असेल तर रंग गडद येतो आणि चव आधीच किंचित खारट असते, तेव्हा मीठ चाखून घालावं. काही घरांत हळदीचं पान गाठ मारून सोडतात. पावसाळ्यातल्या मुलांचा हा खास हक्क.

आणि ते पातळच उतरवावं. गार होताना साबुदाणा फुगतो, डाळ रस पिते. ओगराळ्यातून धार पडेल इतकं सैल असलं तर ताटात येईपर्यंत बरोबर होतं.

पण मी महिन्यांबद्दल सांगत होतो. मे महिन्यातलं मूल घ्या. आंबे, फणस, काजू सगळं दारात, मावशी-मामा सुट्टीला घरी, आणि शाळाच नाही. वर्गात रंगीत कपडे घालून चॉकलेटं वाटायची, शिक्षकांच्या खोलीत पुडा घेऊन जायचं, हे सुख या मुलांच्या नशिबात नसतं. २०२५ मध्ये सहावीपासूनच्या वर्गांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालं, तेव्हा एप्रिलवाल्या मोठ्या पोरांचं साधलं. मे मात्र कोरडाच. त्याला भरपाई म्हणून धोणस, फणसाचा केकच म्हणा. रसाळ फणसाचा चाळलेला रस, भाजलेला जाड रवा, गूळ, ओलं खोबरं. रवा त्या रसात निदान तासभर फुगू द्यायचा आणि मग वाफवायचं किंवा खाली-वर निखारे ठेवून भाजायचं. फणस कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांचा, निघाला तर बेत बदला. कापा वाटून धोणस करायचा हट्ट धरणारे नंतर दाताला अडकलेले धागे काढत बसतात.

जून-जुलैच्या मुलांच्या वाट्याला पाऊस. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, म्हणजे वाढदिवसाला इसवण (सुरमई) तळायचं स्वप्न बघू नये. मिळालंच तर बर्फातलं. शागोती करावी, आणि ती आषाढातच उरकावी, कारण पुढे श्रावण आ वासून उभा असतो. पण याच दिवसांत तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, येतात, आणि त्यांच्या तवसळीइतका चांगला केक माझ्या मते कुठल्याही बेकरीत मिळत नाही. पिकत आलेलं मोठं तवसं, बिया काढून किसलेलं, दोन वाट्या; तेवढाच भाजलेला रवा; वाटीभर गूळ, वाटीभर खोबरं, मीठ, वेलची. किसाचं पाणी पिळून टाकू नये, रवा त्यातच भिजतो. कीस आधी चाखावा, कारण एक कडू तवसं सगळं पातेलं घालवतं. अर्धा तास वाफ. पूर्ण गार झाल्याशिवाय मेणबत्ती खोचू नका. गरम तवसळीत ती बुडापासून वितळते आणि "हॅपी बर्थडे"च्या दुसऱ्या ओळीला आडवी होते.

श्रावणातली मुलं समजूतदार निघतात असं म्हणतात. दुसरं करणार काय?

सगळ्यात दुर्दैवी म्हणजे चतुर्थीच्या आगेमागे जन्मलेली. पणजी-मडगावच्या इमारती रिकाम्या होतात, जो तो आपल्या मूळ घरी. वर्गातला एकही मित्र नाही, पण चुलत-आते मिळून तीसेक भावंडं आहेत. आई-काकू माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट), नैवेद्य आणि पाहुण्यांत गळ्यापर्यंत बुडालेल्या. वाढदिवस आहे हे दुपारी तीनला कुणालातरी आठवतं आणि हातात दोन नेवऱ्या (करंज्या) जास्त पडतात. गणपती घरात असताना अंड्याचा केक उंबऱ्याच्या आत येत नाही. बिनअंड्याचा सांगायला बेकरी उघडी पाहिजे. मग विसर्जनानंतरच्या रविवारी पुन्हा एकदा साजरा होतो, पण तोवर घरातल्या सगळ्यांना गोडाची शिसारी आलेली असते. या मुलांच्या आईवडिलांना एकच सल्ला: त्या दिवशी सकाळी, आरतीच्या आधी, पहिली ओवाळणी त्या पोराची करा. पाच मिनिटं लागतात, तबक तयारच असतं.

डिसेंबरची पोरं बेकरीवाल्यांच्या तावडीत. १९ तारखेला जन्मलेल्याला मुक्तिदिनाची हक्काची सुट्टी, ती एक चैन. पण पंधरा तारखेनंतर भट्ट्या नाताळाच्या ऑर्डरींनी भरलेल्या असतात, तेव्हा केक आठ-दहा दिवस आधी सांगावा. किंवा सरळ बाथ, आपला रव्याचा केक, घ्यावा. रवा, खोबरं, अंडी, लोणी, साखर. मिश्रण रात्रभर मुरलेलं असलं तर मऊ, नाहीतर दाताखाली वाळू. बाथ फ्रीजशिवाय राहतो, स्कूटरवरून येतो, आणि आंगणात पोरांच्या हातात दिला तरी सांडत नाही.

क्रीमच्या केकचं तसं नाही. तो गाडीत सीटवर ठेवू नये, सीट मागे उतरती असते. मांडीवर तर मुळीच नाही. पायाशी, सपाट जागी, खाली ओलसर टॉवेल. एका किलोचे दहा-बारा बरे तुकडे होतात, त्यावरून हिशेब करावा. अर्ध्या किलोत फक्त फोटो निघतो. साखरेच्या लगद्याची गाडी-बाहुली लावलेला केक फ्रीजमधून काढला की आपल्या दमट हवेत त्याला घाम फुटतो आणि बाहुलीचे डोळे गालांवर उतरतात. मुलं रडतात. मोठी माणसं हसतात, हे त्याहून वाईट.

बाकी खाणं सोपं ठेवावं. पातळ भाजी आणि पाव. अर्धा किलो सुके पांढरे वाटाणे आदल्या रात्री भिजत घातले तर बटाटे धरून पंधरा मुलांना पुरतात. पोदेराला (पाववाल्याला) आदल्या दिवशी आकडा सांगायचा. संध्याकाळी सायकलचा भोंपू वाजल्यावर एकदम चाळीस पाव मागितले तर तो तरी कुठून देणार? आणि मसाला वाटताना मिरची निम्मी. आयांसाठी वेगळी झणझणीत वाटी करावी, त्या खऱ्या गिऱ्हाईक.

मेणबत्ती फुंकावी की नाही यावर पुष्कळ घरांत वाद होतात. मला त्यात रस नाही. फुंकलेल्या केकवरचा वरचा थर कुणी खायचा, यावर मात्र वाद व्हायला हवा.

एक गोष्ट हल्ली फार थोड्या घरांत उरली आहे. कोमट दुधात गूळ आणि चमचाभर तीळ घालून वाढदिवसाच्या सकाळी मुलाला द्यायचे, अर्धी ओंजळ, फार नाही. दूध गरम असताना गूळ घातला तर नासतं, म्हणून आधी निवू द्यायचं. पोथ्यांत सांगितलेल्या वर्धापनाच्या विधीतलं हे दूध: मार्कंडेयाचं पूजन, अश्वत्थामा-बळी-व्यास-मारुतीपासून आपल्या परशुरामापर्यंतच्या चिरंजीवांची नावं, षष्ठीदेवीला दहीभात, आणि शेवटी तीळ-गुळाचं दूध प्यायचं. तो विधी वर्षातून एकदा करायचा, पण बाळ एक वर्षाचं होईपर्यंत दर महिन्याला, जन्मतिथीला. बारा वेळा. तेव्हा देवी होत्या, गोवर होता, घटसर्प होता, आणि पहिला वाढदिवस न पाहिलेली भावंडं जवळजवळ प्रत्येक घरात होती. त्यांची तिथी आजीच्या डोक्यात असायची, कालनिर्णयावर तिच्याभोवती गोल कुणी काढत नसे.