चंद्राला ब्रेक असतो

"मावशी, बघ ना, आपण थांबलो की तोपण थांबतो. त्याला ब्रेक आहे!"

सिग्नलला गाडी उभी होती. भाची मागच्या काचेला नाक चिकटवून चंद्रावर पाळत ठेवून होती. गाडी सुटली तशी ती सीटखाली लपली, मग हळूच डोकं वर काढलं. आलाच तो मागोमाग!

जरा वेळाने तिनेच विचारलं, "मग बाबाच्या गाडीमागे कोण जातंय?" आणि गप्प झाली.

हसले मी, पण डोक्यात तेच घोळत राहिलं. निरीक्षण तर शंभर टक्के बरोबर आहे हो! जवळचे खांब, झाडं सपासप मागे पळतात. चंद्र साधारण ३,८४,००० किलोमीटरवर. आपण चार किलोमीटर सरकलो तरी तो ढिम्म तिथेच दिसतो. म्हणजे सोबतच येतोय, दुसरं काय? जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात मुलांना हेच विचारलं, तेव्हा तीही ठामपणे सांगायची, चंद्र आमच्या मागे येतो.

बी गिळली की पोटात झाड उगवतं, हेही तसंच. बी रुजते हे पोरांनी पाहिलेलं असतं, पोटात ती रुजू शकत नाही एवढंच लक्षात येत नाही. (टीव्हीच्या डब्यात बुटकी माणसं राहतात, याचा बचाव मात्र मला जमत नाहीये.)

तुमची अशी कुठली समजूत होती? आणि ती मोडली कशी, कुणी समजावून, की स्वतःच्याच एखाद्या प्रश्नाने?