‘इथं कायले आला?’

जूनमध्ये भाच्याला गाडीवर बसवून नागपूरजवळच्या बुटीबोरीला नेलं होतं. एमआयडीसीतल्या एका कंपनीत डेटा एन्ट्रीची जागा निघाली होती. पोराचं आयटीआय झालंय, कोपा ट्रेड, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स, आणि टायपिंग माझ्यापेक्षा जोरात. आत गेला तो सहा मिनिटांत बाहेर. साहेबांनी विचारलं होतं, "या लाइनकडे कसे काय वळलात?" यानं सांगितलं, "जाम गावावरून सरळ आलो, बुटीबोरीत वळलो." आतले तिघंही हसले म्हणे.

येताना तो काहीच बोलला नाही. घरी पोचल्यावर ताईला म्हणाला, "उत्तर बरोबर होतं, मग ते हसले काहून?" ताईनं माझ्याकडे पाहिलं. माझ्याजवळही सांगायला काही नव्हतं.

त्याला ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता. हे आम्हाला तो 14 वर्षांचा झाल्यावर कळलं. तोवर गावात ‘मनाचा राजा’ म्हणत. जिल्ह्याला चार चकरा मारून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, काढलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का ज्या गटाला आहे, त्यातही आहे. फॉर्म भरतोच आहोत. पण हिंगणघाटच्या आसपास खरं काम मिळतं ते जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात), दुकानात, गोदामात, आणि तिथं मालक समोर बसवून दोन गोष्टी विचारतो. सगळं त्या दोन गोष्टींवर ठरतं.

तालुक्याला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. रात्री शोधता शोधता अमेरिकेतल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. तिथल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या लोकांनी 2014 साली छापलेला. स्क्रीनवर एक बाई मुलाखत घेते, आधी चित्रित केलेली. समोरची उत्तरं पाहून एक निवडायचं आणि माइकमध्ये म्हणायचं, की ती त्यावर पुढचं बोलते. हवं तितक्या वेळा पुन्हा करता येतं. ऑटिझम असलेले एकूण 26 जण होते, त्यातल्या 16 जणांनी हा सराव केला, आणि नंतर खऱ्या माणसासमोरच्या नकली मुलाखतीत ते आधीपेक्षा चांगलं बोलले. पुढच्या सहा महिन्यांत, सराव न केलेल्यांपेक्षा त्यांच्यातल्या जास्त जणांना कामंही मिळाली. माणसं थोडी होती, हे खरं. पण मला त्यातली एकच गोष्ट धरून बसली: ती बाई थकत नाही. मी त्याच्याकडून तेच उत्तर चौथ्यांदा घेताना माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की तो कान झाकून घेतो.

तो प्रोग्राम इंग्रजीत, आणि त्यातले प्रश्न तिकडचे. आमच्या मालकांना ‘तुमची बलस्थानं’ नको असतात. ते विचारतात, "कोनाचा पोट्टा आहेस? इथं कायले आला? तुले हिशोब जमते का? टिकशीन का?" म्हणून पोळा झाल्यावर मोबाइलवर आम्हीच चित्रण केलं. गावातले निवृत्त गुरुजी, किराणावाले काका, एक जुने दिवाणजी, सगळ्यांनी आपापल्या बोलीत प्रश्न विचारले. पॉवरपॉइंटमध्ये क्लिप घातल्या, प्रत्येकीखाली उत्तराची तीन बटणं. बटण दाबलं की दिवाणजी तसे वागतात: खूश होतात, कपाळाला आठी घालतात किंवा "म्हंजे काय रे?" म्हणतात.

पहिल्याच दिवशी गाडी अडली. गुरुजींच्या मागे कॅलेंडर जूनचं होतं. "आता सप्टेंबर आहे," म्हणून तो पुढं जाईना. गुरुजी बिचारे पान उलटवून पुन्हा बसले.

‘टिकशीन का?’ला सगळ्यात जास्त वेळ लागला. पहिल्यांदा तो म्हणाला, "माहीत नाही." खोटं कसं बोलायचं, हा त्याचा प्रश्न रास्तच होता. मग आम्ही दोघांनी मिळून खरं उत्तर शोधलं: "सकाळी 8 पासून संध्याकाळी 6 पर्यंत बसू शकतो. 1 वाजता डबा खायला सुट्टी पाहिजे." हे तो "मामाजी, पुन्हा लावा" म्हणत एका संध्याकाळी 31 वेळा म्हणाला. मोजले त्यानंच.

एका गोष्टीवर मी अडून बसलो. ओळखीचे एक जण व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग घेतात, ते म्हणाले, आधी डोळ्यात डोळे घालून बोलायला शिकवा. नाही शिकवलं. कोणाच्या डोळ्यांत पाहायला लागला की त्याला शब्द ऐकू येत नाहीत, हे त्यानंच मला सांगितलंय. त्याऐवजी पहिलं वाक्य बसवलं: "मी खाली पाहतो, पण ऐकत असतो. एका वेळी एकच प्रश्न विचारा." ही सवलत मागायला लाज वाटायचं काहीच कारण नाही. चष्मा लावणारा माणूस चष्मा लावतोच ना.

दसऱ्यानंतर एका जिनिंगमध्ये नेलं. काट्यावर, म्हणजे वजनकाट्याच्या केबिनमध्ये, कॉम्प्युटरवर माणूस हवा होता. भरलेल्या ट्रॉलीचं वजन, रिकामीचं वजन, पावती. केबिनला काच आहे, दार लावलं की मशीनचा आवाज बराच कमी होतो. हे मी आधी जाऊन पाहून आलो होतो. मालकांना दोन वाक्यांत सांगूनही ठेवलं होतं. भाच्यानं पहिलं वाक्य म्हटलं. मालकांनी खुर्ची थोडी बाजूला सरकवली आणि विचारलं, "बरं, इथं कायले आला?" तो म्हणाला, "काट्यावर काम पाहिजे. आकडे चुकत नाहीत माझे." मग मालकांनी क्लिपमध्ये नसलेलं विचारलं, "चहा घेशीन?" तो बराच वेळ गप्प. मी दाराशी उभा, हाताला घाम. शेवटी म्हणाला, "याचं उत्तर तयार नाही. पण नको."

15 दिवस पाहू, म्हणाले. दिवाळीनंतर सीझन लागला, आता डिसेंबर अर्धा संपला, अजून जातो आहे.

गेल्या रविवारी त्यानं नवीन क्लिप मागितली. कापूस ओला निघाला की कटती, म्हणजे कपात, होते, मग शेतकरी काट्याच्या खिडकीशी येऊन भांडतो. कटतीशी याचा संबंध नसतो, पण ऐकावं यालाच लागतं. "भांडणाची करा," म्हणाला. भांडायला त्याच्या बाबालाच बसवलं. स्वतः कापूस विकणारे, पण भाऊजींना पोरावर ओरडता येईना. तीनदा मध्येच थांबले. चौथ्यांदा तो कॅमेऱ्यामागून म्हणाला, "बाबा, खरंखुरं ओरडा. मी कानात कापूस घातला आहे."