हॉलतिकिटाचा मेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून

मी एका मोठ्या विद्यापीठाच्या संगणक केंद्रात काम करतो. परीक्षा अर्ज, हॉलतिकीट, पुनर्मूल्यांकनाची मुदत, शिष्यवृत्ती, सगळं आम्ही मेलने कळवतो, आणि बहुतेक मुलांचे पत्ते जीमेलचे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने नियम कडक केले: जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याकडे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हवेत, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत राहायला हव्यात.

एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने मेल पाठवायची मुभा असलेल्या सर्व्हरची यादी. डीकेआयएम ही प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. या तपासणीत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतो. सुरुवातीला आम्ही डीमार्क नुसता पाहणीवर ठेवला, म्हणजे मेल अडवायचे नाहीत, फक्त अहवाल घ्यायचे. अहवाल येऊ लागले तेव्हा कळलं, आमच्या नावाने किती जण मेल पाठवतात: प्रवेशाचं पोर्टल, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, माजी विद्यार्थी संघाची बाहेरची सेवा, शिवाय एका विभागाच्या प्रयोगशाळेतला जुना सर्व्हर. सगळ्यांना एकाच एसपीएफमध्ये कोंबता येत नाही, कारण तो तपासताना डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, दहापेक्षा जास्त वेळा शोधावं लागलं की तो बादच होतो. म्हणून परीक्षा, प्रवेश, माजी विद्यार्थी असे उपडोमेन, म्हणजे मुख्य डोमेनखालची स्वतंत्र नावं, वेगळे केले. मगच डीमार्क टप्प्याटप्प्याने कडक करत नेला.

हे आमच्या हातातलं होतं. खरा वेळ गेला तो कार्यालयातल्या निर्णयाच्या फाईलवर. ‘सर्व विद्यार्थी’ ही यादी कोणी वापरायची? प्रत्येक विभागाला आपलं चर्चासत्र सगळ्यांपर्यंत पोचावं असं वाटतं, आणि त्यात गैर काही नाही. पण कंटाळलेला मुलगा त्यावर ‘स्पॅम’ दाबतो आणि तो डाग परीक्षेच्या मेललाही लागतो. एका विभागप्रमुखांना मी गूगल पोस्टमास्टरचा, म्हणजे पाठवणाऱ्याला स्पॅमच्या तक्रारी दाखवणाऱ्या गूगलच्या साधनाचा, आलेख दाखवला. त्यांचं निमंत्रण गेलं त्या दिवशी तक्रारींची रेघ सरळ वर चढली होती. सर बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “आमची यादी वेगळी करून द्या.” आता सर्वांची यादी फक्त कुलसचिव आणि परीक्षा विभागाकडे आहे. चर्चासत्रांच्या मेलमधून एका क्लिकवर बाहेर पडता येतं. परीक्षेच्या मेलला ती सोय मुद्दाम ठेवलेली नाही.

मजकुराबद्दलही मी आग्रही आहे. विषयात ‘परिपत्रक क्र.’ आणि सोबत तिरकं स्कॅन केलेलं पान, हे मोबाइलवर कोण वाचणार? जुन्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर नुसती चिन्हंच दिसतात. आता विषयातच ‘परीक्षा अर्ज: शेवटची तारीख’ आणि तारीख असते, खाली युनिकोड मराठीत चार ओळी.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सेटिंगने सुटली नाही. पुष्कळ मुलांचे अर्ज सायबर कॅफेत भरले जातात आणि तिथला माणूस घाईत स्वतःचाच मेल टाकतो. एकाच पत्त्यावर कितीतरी मुलांचे निकाल जातात, मूल मात्र वाट पाहत बसतं. म्हणून अर्जातच मेलवर ओटीपी ठेवला, आणि एक पत्ता एकाच विद्यार्थ्याला. रांगा लांबल्या, महाविद्यालयांचे फोन आले. तरी ओटीपी काढायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे.