फेरफारात सापडली पणजी

आज 'आपले अभिलेख' पोर्टलवर गावचे स्कॅन केलेले जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, चाळत बसले होते. पणजोबा वारल्यानंतरची वारसनोंद मिळाली! मुलांची नावं, आणि खाली बारीक अक्षरात पणजीचं नाव. घरात सगळे तिला 'काकी' म्हणायचे, खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. वंशावळीत बायका राहूनच जातात. म्हणून मला ही नोंद फार मोलाची वाटते.

आता तहसीलमध्ये कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी बघायच्यात. जुनी पानं बहुतेक मोडी लिपीत, त्यामुळे बाराखडी गिरवायला घेतलीय. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तिथल्या पुरोहितांच्या, वंशावळीच्या वह्याही आहेतच, आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की पिढ्या निघतात. ओळखीत कुणी मोडी वाचणारं असेल तर नक्की सांगा.