पहिली पट्टी चिकटवण्याआधी: लेझर-कट किटमधून शिडाचं जहाज बांधताना

माझ्या अनुभवात लाकडी मॉडेल जहाजाचा सांगाडा नीट घासला असेल तर पुढचं निम्मं काम सोपं होतं. सांगाड्यावर चिकटवायच्या पट्ट्या कितीही सुबक कापल्या तरी खालचा उंचवटा किंवा खळगा लपत नाही.

आधी मधला कणा सपाट काचेवर ठेवून बघतो. प्लायवूडला बाक असेल तर आत्ताच ओलावून, वजनाखाली वाळवून सरळ करायचा. नंतर काही उपाय नाही. बल्कहेड, म्हणजे कण्यावर आडवे बसणारे, जहाजाला आकार देणारे तुकडे, शीटमधून ओढून काढायचे नाहीत, जोडणारे बारीक दुवे ब्लेडने कापायचे. वरची कठड्याची टोकं फार नाजूक असतात, हमखास तिथेच मोडतात. खाचांमधली लेझरची काजळी अगदी हलक्या हाताने काढतो, कारण जळलेल्या थरावर गोंद नीट धरत नाही. पण जास्त घासलं की खाच सैल होते आणि बल्कहेड तिरका बसतो. प्रत्येक बल्कहेड गुण्याला लावूनच चिकटवायचा.

बाहेरच्या कडांवरची काजळी मात्र मुद्दाम ठेवतो, कारण घासताना तीच वाट दाखवते. नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या, बल्कहेडची पुढची कड उतरवायची, मागच्या कडेवर काळी रेघ शिल्लक राहिली पाहिजे. पिछाडीला याच्या उलट. रेघ गेली की मूळ आकार गेला. मधूनमधून एक लवचीक पट्टी तीन-चार बल्कहेडवर टेकवून बघायची: ती प्रत्येकावर पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे. नुसत्या धारेवर टेकत असेल तर अजून घासायचं. मध्ये फट दिसली तर तिथे पातळ पट्टी चिकटवून पुन्हा घासायचं. नाळेच्या पहिल्या दोन बल्कहेडमध्ये मी लाकडाचे ठोकळे भरतो, म्हणजे तिथल्या तीव्र वळणाला पट्टीला भरपूर आधार मिळतो.

आता पट्ट्यांचा हिशेब. मधल्या बल्कहेडच्या कडेवर कागदाची पट्टी लावून लांबी मोजायची. ती 90 मिमी आणि पट्टी 5 मिमीची असेल तर एका बाजूला 18 पट्ट्या. नाळेशी तीच लांबी 54 मिमी भरली तर तिथे प्रत्येक पट्टी 3 मिमीपर्यंत निमुळती करायची. निम्म्या रुंदीच्या खाली मात्र जायचं नाही. अशी वेळ आली तर दोन पट्ट्या संपवून त्यांच्या जागी एकच पुढे न्यायची. पिछाडीला बहुधा उलट होतं, जागा उरते, तिथे पाचरीसारखा तुकडा बसवावा लागतो. पट्टीला बळजबरीने आडवं वाकवलं की तिची एक कड उचलली जाते.

पट्ट्यांचे दोन थर लागतात. पहिल्या थराची दीड मिमीची पट्टी गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून, आकारात अडकवून, पूर्ण वाळल्यावरच चिकटवतो. ओली पट्टी फुगलेली असते. तशीच लावली तर वाळताना आकसते आणि फटी पडतात. एक पट्टी डावीकडे, लगेच एक उजवीकडे, नाहीतर कणा पिळवटतो. गोंद पांढराच वापरतो. सुपरग्लू पटकन धरतो खरा, पण वरच्या, म्हणजे दुसऱ्या, अर्ध्या मिमीच्या थरावर त्याचा डाग पडला की तिथे पॉलिश मुरत नाही. तो थर जास्त घासताही येत नाही, म्हणून पुट्टी भरणं आणि सपाट करणं हे सगळं पहिल्या थरावरच उरकायचं.

डोलकाठ्यांसाठी चौकोनी लाकडाचे आधी आठ, मग सोळा कोन करून गोल करतो. टोकाकडे एकसारखी निमुळती होते.

दोरकामात सगळ्यात वेळखाऊ म्हणजे डोलकाठीच्या बाजूच्या आधारदोरांवरच्या शिडीच्या पायऱ्या. 1:64 प्रमाणात दोन पायऱ्यांमध्ये साधारण 5 मिमी अंतर लागतं. रेघा मारलेला कागद मागे लावला की अंतर चुकत नाही. गाठ घट्ट, पण दोन दोरांमधला धागा न ताणता. ताणला तर दोर मध्ये आत ओढले जातात आणि शिडीला कंबर पडते, म्हणून दर चार-पाच पायऱ्यांनंतर समोरून डोळा लावून कडेचे दोर सरळ आहेत ना ते बघतो.